विषयांतर

"पोरीला दे माझ्याकडं आणि तू निवांत लिही," चंपाआक्का म्हणाल्या.

मी मैत्रेयीला दिलं नाही. ती दहा महिन्यांची होती आणि आक्का मधूनमधून पदर तोंडाशी नेऊन खोकत होत्या. शिवाय अंगणात शिरतानाच मी पाहून ठेवलं होतं की नळाजवळच्या सिमेंटच्या हौदावर झाकण नाही. खोलीत विजेचा प्लग जमिनीपासून वीतभर उंचीवर होता. पलंगाखाली भुईमुगाच्या शेंगांचं पोतं होतं, आणि त्याच्या तोंडाशी चार शेंगा सांडल्या होत्या, बरोबर घशात अडकतील एवढ्या. आई झाल्यापासून कुणाच्याही घरी गेले की मला आधी घर दिसायचं नाही, घरात होऊ शकणारे अपघात दिसायचे.

"नको आक्का, तिला परक्या माणसाची सवय नाही."

"कशी असंल? दिलीस तर होईल." त्यांनी हात आखडते घेतले, पण नजर तिच्यावरच ठेवली. "किती तारखेची?"

"चार जानेवारी. पहाटे सहा सत्तावीस."

"अगं बाई, मिनिटासकट!" आक्का हसल्या आणि हसता हसता पुन्हा खोकल्या. "आमची तारीख तर बाईंनी दिली."

मी ते वहीत उतरवलं. सगळंच उतरवायचं, निवड नंतर करायची, अशी माझी पद्धत होती. मग मुद्द्यावर आले. "आक्का, शाळेच्या विहिरीचं सांगा ना. शाळेतले शिरतोडेभाऊ म्हणाले, तुम्ही स्वतः पाहिलंय."

आक्कांनी पाठ भिंतीला टेकवली. त्या मला वयाच्या मानाने फार थकलेल्या वाटल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली बाई, म्हणजे सत्तरी. हाताची कातडी मात्र ऐंशीकडे झुकलेल्या बाईसारखी. हे माझ्या नजरेने टिपलं होतं. नजर माझी चांगली होती, तिचं काय करायचं तेवढं कळत नव्हतं.

मी तिथे कशी पोचले तेही सांगते. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेल्या मुलीला लोक दोनच प्रश्न विचारतात, 'का?' आणि 'पुढे काय?' मला दोन्हींची उत्तरं येत नव्हती. मी कोल्हापुरात एका लॅबच्या काउंटरवर रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. सांगलीत एका छापखान्यात दीड वर्ष प्रुफं तपासली, पतसंस्थांचे अहवाल आणि लग्नपत्रिका. एका विवाहमंडळासाठी स्थळांची माहिती जरा बरी करून लिहून दिली. 'रंग गहूवर्णी' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, गणतीच नाही. मग माझंच लग्न झालं आणि करंजवड्याला आले. इथल्या शिक्षण मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला तर्कशास्त्र शिकवायला बाई हव्या होत्या, तासिका तत्त्वावर. वर्गात नऊ मुली. त्यातल्या सात जणींनी गणित नको म्हणून तर्कशास्त्र घेतलेलं.

त्याच वर्षी मंडळाच्या कन्याशाळेला पंच्याहत्तर वर्षं होत होती. अध्यक्ष विश्वजित रणवरे यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. संस्थापक तात्यासाहेब रणवऱ्यांचे ते नातू. बोलायला मऊ, चहा स्वतः पुढे करणारे.

"मॅडम, शाळेचा इतिहास लिहायचाय. इतिहासाच्या सरांना वेळ नाही. तुम्ही तत्त्वज्ञानवाल्या, तुम्हाला वेळ असणार."

मी हसले. त्यांनी पुढे सांगितलं, "ग्रंथ चांगला झाला तर पुढच्या वर्षी पूर्णवेळ जागेचं बघू आपण."

नवरा बँकेच्या नोकरीनिमित्त आठवडाभर बाहेरगावी. घरात मी आणि मैत्रेयी. पूर्णवेळ जागा हा शब्द तेव्हा मला झोपेत ऐकू यायचा. मी पोरीला पोटाशी बांधलं आणि इतिहास शोधत गावभर हिंडायला लागले.

विहिरीची गोष्ट मंडळाच्या जुन्या इतिवृत्तात सापडली होती. डिसेंबर १९५२. हिरा नावाची चौथीतली मुलगी शाळेच्या विहिरीत पडून गेली. 'कृष्णाबाई सोनटक्के या शिक्षिका विनापरवानगी खासगी कामास गेल्या असता, त्यांच्या हलगर्जीपणामुळे सदर अपघात घडला, सबब त्यांना जून १९५३ अखेर सेवेतून कमी करण्यात यावे.' त्याच फाइलमध्ये सोनटक्केबाईंचा खुलासा होता. एक पान, त्यावर दोन ओळी. अक्षर इतकं देखणं की प्रुफं तपासलेल्या माझ्यासारखीनेही मजकुराआधी अक्षरच पाहत बसावं. प्रत्येक 'र'ची शेपटी खाली जाऊन जरा उजवीकडे वळलेली. 'माझ्या गैरहजेरीचे कारण मा. अध्यक्षसाहेबांस विदित आहे. अधिक लिहिणे नाही.'

शाळेचे क्लार्क शिरतोडेभाऊ म्हणाले होते, "आमच्या भावकीत एक चंपाआक्का आहेत. माहेरच्या इथल्याच, पाटोळ्यांच्या. त्यांना विचारा. त्या दिवसाचं त्या सांगतात."

आणि आक्का आता सांगायला लागल्या.

"शाळेला शिपाई नव्हता. पाणी आम्ही पोरीच भरायचो, मधल्या सुट्टीच्या आधी. दोघी-दोघींची पाळी. आणि पोरी विहिरीवर असल्या की बाईंनी काठाला उभं राहायचं असा नेम. बाईंचा तो नेम कधी चुकला नाही. हातात पुस्तक असायचं, पण डोळा दोरावर."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तात्यासाहेबांचा छकडा आला. थोरल्या लेकीचं लगीन आठवड्यावर आलेलं. पत्रिका छापून आल्या होत्या, वर नावंगावं घालायची राहिलेली. बाईंसारखं अक्षर साऱ्या करंजवड्यात कुणाचं नव्हतं. बाई म्हणाल्या, शाळा सुटल्यावर येते. गडी म्हणाला, मालकांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय. मग निघाल्या, आणि मला संगं घेतलं."

"तुम्हाला कशाला?"

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही कळत नाही का हिला. "अगं, पत्रिकेच्या कोपऱ्यांना कुंकू कोण लावणार? बाई विधवा. त्यांनी नुसती नावं लिहायची. कुंकवाला त्यांचा हात चालत नव्हता. मी शेजारी बसून लावत होते. एक पत्रिका, चार बोटं."

मैत्रेयीने माझ्या गळ्यातली माळ तोंडात घातली होती. ती काढून घेत मी म्हणाले, "आणि विहिरीवर?"

"पाळी माझी आणि हिराची होती. मी निघाले तशी हिरा म्हणाली, जा गं तू, दोन घागरी तर आहेत, मी भरते एकटी." आक्कांनी आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. "आम्ही परत आलो तवा विहिरीभोवती माणसंच माणसं. कुणीतरी माझा हात धरून मला मागं ओढलं. माझी बोटं लाल होती. धुवायची राहिली होती."

मी पोरीला जवळ ओढलं. इतकं की ती कुरकुरली.

"तुम्ही तेव्हा कितवीत?"

"चौथीत. दहा वर्षांची." मग त्या पुढे झुकल्या. "तात्यासाहेबांनी सभेत सांगितलं, बाई कुठं गेल्या होत्या आम्हाला ठाऊक नाही. बाई सभेत उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भरल्या मांडवात त्या लेकीच्या लग्नावर हिराचं सावट आलं असतं, म्हणून नसतील बोलल्या. नाहीतर घाबरल्या असतील. मला नाही माहीत. पण त्यांचा दोष नव्हता एवढं मला माहीत आहे. हे तू लिहिशील?"

"लिहीन."

"बाईंचं नाव घालून?"

"हो, नाव घालून."

"आणि माझं?"

"सांगणाऱ्याचं नाव द्यावंच लागतं आक्का. नाव, वय, तेव्हा इयत्ता कुठली. नाहीतर पुरावा कसा मानायचा?"

"वयपण?"

"वयपण."

त्या जरा मागे सरकल्या. "बरं," म्हणाल्या. मग पुन्हा हात पुढे केले. "दे की जरा. मी का खातेय तिला?"

बस चुकेल असं सांगून मी उठले.

दुसऱ्या दिवशी शिरतोडेभाऊंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिलं. सगळ्यात जुनं जे उरलं होतं ते जून १९५३ पासूनचं. त्याआधीचं कधी गहाळ झालं कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्याच पानावर नाव मिळालं. पाटोळे चंपा ज्ञानू. जन्मतारीख १-६-१९४७. इयत्ता पहिली. पूर्वीची शाळा : नाही.

मी दोनदा वाचलं. डिसेंबर बावन्नमध्ये ही मुलगी साडेपाच वर्षांची होती आणि शाळेत नव्हतीच.

"भाऊ, हे कसं?"

"एक जून तर सगळ्यांचीच असायची मॅडम. गुरुजी टाकायचे."

"दिवस आणि महिना टाकतील हो. पाच वर्षांचा फरक कसा टाकतील? आणि पहिलीतला प्रवेश?"

शिरतोडेभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "म्हातारं माणूस आहे," एवढंच म्हणाले.

अध्यक्षांना मी सगळं सांगितलं, कारण न सांगता लिहिणं मला बरोबर वाटत नव्हतं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत.

"आजोबा काही देव नव्हते मॅडम. पुरावा असेल तर लिहा. खुशाल लिहा. पण पुरावा आहे का?"

"एक साक्ष आहे. पण रजिस्टरशी जुळत नाही."

"मग तुम्हीच ठरवा. तर्कशास्त्र तुम्ही शिकवता."

त्यांनी मला दाबलं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा आक्कांकडे गेले. अंगणातल्या हौदावर पत्रा टाकलेला होता आणि पत्र्यावर मोठा दगड. खोलीत प्लगवर चिकटपट्टी लावलेली. पलंगाखालचं पोतं नव्हतं. मी हे सगळं पाहिलं आणि 'बरं झालं' एवढाच विचार करून बसले. ते कुणी आणि कुणासाठी केलं, हे माझ्या मनातही आलं नाही.

"आक्का, शाळेच्या रजिस्टरात तुमचा जन्म सत्तेचाळीसचा आहे. आणि नाव घातलंय त्रेपन्नच्या जूनला, पहिलीत."

बाहेर सूनबाई भांडी घासत होती. आक्कांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"म्हणजे अपघात झाला तेव्हा तुम्ही शाळेत नव्हता," मी म्हणाले. आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून आवाज आणखी मऊ केला. "कदाचित तुम्ही हे लहानपणी कुणाकडून तरी ऐकलं असेल. ऐकता ऐकता ते आपणच पाहिलंय असं वाटायला लागतं. सगळ्यांचंच होतं तसं. माझंही होतं."

त्या आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होत्या. एकेक बोट अंगठ्याने चोळत.

"शाळेच्या कागदात जे असंल ते खरंच असंल बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "तू शिकलेली. मी पण चौतीस वर्षं मस्टर भरलंय. कागदापुढं कुणाचं चालतंय?"

"तुम्ही रागावलात का?"

"नाही गं. राग कशाचा?" मग मैत्रेयीकडे पाहून, "आज तरी देशील?"

"झोपायची वेळ झालीय तिची. रडेल."

आक्कांनी मान हलवली. जाताना दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं तेव्हाही तिथेच होत्या.

नंतर दहा-बारा दिवसांनी शिरतोडेभाऊ वर्गाच्या दाराशी आले. मी फळ्यावर प्रमाणं लिहीत होते. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा शब्द. ज्याने स्वतः पाहिलंय, जो पाहिलं तसंच सांगतो आणि ज्याला खोटं सांगून काही मिळवायचं नाही, तो आप्त. मुली उतरवून घेत होत्या.

"मॅडम, आक्कांचा निरोप आहे. एकदा येऊन जा म्हणाल्या. वही-पेन नको आणू म्हणाल्या, पोरीला आण."

"काय काम आहे?"

"ते मला नाही सांगितलं. तुम्हालाच सांगायचंय म्हणाल्या."

मैत्रेयीला आदल्या दिवसापासून ताप होता. एकशे एकच्या वर जाईना आणि नव्याण्णवच्या खाली येईना. मी दर दोन तासांनी थर्मामीटर लावून आकडे कागदावर लिहीत होते. शनिवारी शेवटची प्रुफं छापखान्यात द्यायची होती. त्या तापात, त्या खोकणाऱ्या बाईच्या मांडीवर माझी पोर, ही कल्पनाच मला सहन होईना.

"पुढच्या आठवड्यात नक्की येते म्हणून सांगा."

ताप सोमवारी उतरला. मंगळवारी छपाई सुरू झाली. त्यानंतर जाऊन काय करायचं, असं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

ग्रंथात पान एकेचाळीसवर मी लिहिलं : 'डिसेंबर १९५२ मध्ये शिक्षिकेच्या गैरहजेरीत घडलेल्या एका दुर्दैवी अपघातानंतर संबंधित शिक्षिकेस सेवेतून मुक्त करण्यात आले.' हलगर्जीपणा हा शब्द मी काढला होता आणि त्याचं मला समाधानही होतं. बाईंचं नाव घातलं नाही. त्यांची बदनामी नको, असं मी स्वतःला सांगितलं.

प्रकाशनाला मांडव, फेटे, शाली सगळं झालं. मला नारळ मिळाला. आक्कांची प्रत शिरतोडेभाऊंनी घरी नेऊन दिली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं होतं.

"पान काढून वाचलं. म्हणाल्या, छपाई छान आहे."

उन्हाळ्यात आक्का गेल्या. मी अंत्ययात्रेला गेले नाही, मैत्रेयीला गोवर आली होती.

पूर्णवेळ जागा काही निघाली नाही. बारावीचे तास वाढवून मिळाले. पण त्या ग्रंथामुळे मला एका वाचनालयाचा इतिहास लिहायला मिळाला, मग एका विणकर सोसायटीचा. आता तालुक्यात मला 'इतिहासवाल्या मॅडम' म्हणतात. कुणी जुनी गोष्ट सांगायला लागलं की लोक हसत म्हणतात, मॅडमसमोर जपून हं, त्यांना पुरावा लागतो.

हे सगळं मी विसरले असते. मैत्रेयीला पहिलीत घालायचं ठरलं तोवर जवळजवळ विसरलेच होते.

जूनची सकाळ. कन्याशाळेच्या ऑफिसात तेच टेबल, तेच शिरतोडेभाऊ, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. मैत्रेयी खुर्चीवर उभी राहून शिक्क्यांना हात लावत होती, आणि मी तिच्या फ्रॉकची मागची गाठ मुठीत धरून उभी होते.

भाऊंनी जन्मदाखला पाहिला. "मॅडम, एकतीस डिसेंबरला सहा पूर्ण लागतात. हिला चार दिवस कमी पडतात."

"चार दिवस?"

"चार दिवस. पुढच्या वर्षी घ्यावं लागेल."

"भाऊ, तिला वाचता येतं. जोडाक्षरं येतात. सगळ्या मैत्रिणी पहिलीत जाणार आणि ही..." माझा आवाज चढला होता. "चार दिवसांचं कोण बघतंय? तुम्ही एवढी वर्षं आहात इथे. काही नाही का करता येणार?"

शिरतोडेभाऊंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग हसले. हसण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"आता कॉम्प्युटर मॅडम. तारीख टाकली की तोच नाही म्हणतो. सोनटक्केबाईंच्या वेळी असतात तर झालं असतं. त्यांनी आमच्या आक्कांची पाच वर्षं कमी केली होती."

मी मैत्रेयीच्या फ्रॉकची गाठ सोडली.

"काय म्हणालात?"

"तुम्हाला आक्का तेच सांगणार होत्या. तुम्ही आला नाहीत. मग दवाखान्यात होत्या तेव्हा मला सांगितलं. मी जिवंत आहे तोवर बोलू नको म्हणाल्या. पाच वर्षं जास्त नोकरी झाली ना त्या तारखेमुळं. पेन्शन बंद करतील, पोराला त्रास देतील असं त्यांच्या डोक्यात." त्यांनी घसा साफ केला. "ज्ञानूतात्यांनी, म्हणजे आक्कांच्या वडलांनी, बाईंना शब्द दिलेला, पोरीला चौथीपर्यंत शिकवीन, चौथी झाली की उजवून टाकीन. हिरा गेली आणि त्यांनी आक्कांना घरीच बसवलं. सोयरीकही बघायला लागले. बाई घरी गेल्या. बाईंना तेव्हा शाळेतून काढायचं ठरलेलं होतं, जूनचं रजिस्टर भरलं की जायचं. ज्ञानूतात्यांना म्हणाल्या, तुमचा शब्द मोडू नका, पण त्या गडबडीत पोरीचं सगळं बुडालं, आता पुन्हा पहिलीपासून बसावं लागतंय. ज्ञानूतात्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांना पटलं."

"आणि पहिलीत घालायची तर..."

"तर वय सहाच लिहायला पाहिजे. आक्का म्हणायच्या, बाईंनी बापाचा शब्द मोडला नाही, चौथीच लांब नेऊन ठेवली. दहा वर्षांची घोडी पहिलीच्या पोरांत बसायची. येतच होतं सगळं, मग काय करणार? बारक्यांना शिकवायची. तिथंच मास्तरीण झाली."

मैत्रेयीने कागदावर शिक्का उमटवला होता. 'खरी प्रत'. मी तिला थांबवलं नाही.

"भाऊ, मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं मॅडम. नंतर कळलं तोवर पुस्तक आलं होतं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि तुम्ही रजिस्टर बघून इतक्या ठामपणे बोललात की मलाही वाटलं, म्हातारी खोटं बोलत असंल. चार महिने मी आक्कांशी नीट बोललोसुद्धा नाही."

मी रजिस्टर मागितलं. त्यांनी कपाट उघडून दिलं. तिसरं पान. पाटोळे चंपा ज्ञानू. या वेळी मी तारीख वाचली नाही, अक्षर पाहिलं. त्या पानावरच्या प्रत्येक 'र'ची शेपटी खाली जाऊन उजवीकडे वळलेली. दीड वर्ष प्रुफं तपासून तयार झालेली माझी नजर. तेव्हा ती आकड्यांवरून पुढे सरकलीच नव्हती.

"आई, या कोण?" मैत्रेयीने नावावर बोट ठेवून विचारलं. तिने ते अक्षर लावून लावून वाचलं होतं. "पा-टो-ळे चं-पा."

"मी तुला त्यांच्याकडे घेऊन जायचे," मी म्हणाले. "तू लहान होतीस."

"मग त्यांनी मला उचललं होतं?"

शिरतोडेभाऊ कपाटाकडे तोंड करून फाइली लावायला लागले.

"नाही," मी म्हणाले.

त्या वर्षी मैत्रेयी घरीच राहिली. मी कुणाला तारखेसाठी पुन्हा विचारलं नाही.

घरी येऊन मी माळ्यावरून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. ग्रंथासाठीची टिपणं सात वह्यांत होती. चंपाआक्कांची चौथीत. पहिल्या भेटीचं पहिलंच पान. वर तारीख, गाव, नाव. त्याखाली माझ्या घाईच्या अक्षरात मी उतरवलेलं त्यांचं पहिलं वाक्य, जसंच्या तसं, अवतरणात : 'आमची तारीख तर बाईंनी दिली.'

त्यावर लाल शाईची तिरपी रेघ होती. समासात, प्रुफं तपासताना लागलेल्या सवयीने, मी शेरा लिहिला होता : विषयांतर. वगळावे.